लिपिडची औषधं लक्षात राहत नसतील तर तक्ता बाजूला ठेव, आधी लिव्हरची पेशी काढ

प्रश्न थोडक्यात असा होता: एमबीबीएस सेकंड इयर, फार्माकॉलॉजीमधलं हायपोलिपिडेमिक ड्रग्ज (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी उतरवणारी औषधं) दोनतीनदा वाचून झालंय, वाचताना सगळं कळतं आणि पुस्तक मिटलं की फायब्रेटचा रिसेप्टर कुठला, रेझिनने ट्रायग्लिसराइड वाढतात की कमी होतात, फ्लशिंग (चेहरा लाल होऊन गरम वाटणं) कशाने होतं, सगळ्याची खिचडी. निमॉनिक्स (लक्षात ठेवायची सूत्रं) करू का, तक्ता करू का, पीसीएसके-९ वाली नवीन औषधं किती करायची आणि डोस पाठ करायचे का.

मी मेडिसिनवाला. एमडीच्या आधी फार्मा डिपार्टमेंटला ट्यूटर होतो, आता ओपीडीत रोज हीच औषधं लिहितो आणि पोस्टिंगला आलेल्या पोरांना त्यावरूनच छळतो, त्यामुळे जरा लांब उत्तर देतोय, चहा घेऊन बस.

तक्ता करायचाच, पण शेवटी. तक्त्यात होतं काय की स्टॅटिन, रेझिन, नायासिन, फायब्रेट सगळे एका रांगेत सारख्या मापाचे रकाने घेऊन बसतात आणि तुला वाटतं सगळी सारखीच महत्त्वाची. तसं अजिबात नाहीये. ओपीडीत स्टॅटिन, नाही भागलं तर एझेटिमिब, आणि ट्रायग्लिसराइड फारच वर असतील तर फेनोफायब्रेट, एवढ्यावर बहुतेक काम संपतं. नायासिन मी कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही. म्हणून वेळेतला अर्धा वेळ स्टॅटिनला दे, उरलेल्या अर्ध्यात बाकी सगळे बसव.

आता कोरा कागद घे आणि एक हेपॅटोसाइट, म्हणजे लिव्हरची पेशी, काढ. मोठी काढ, अर्धं पान. या पेशीला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते मिळवायचे तिच्याकडे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे अ‍ॅसिटिल-कोएपासून स्वतः बनवायचं, त्यातली रेट-लिमिटिंग (सगळा वेग ठरवणारी) पायरी एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमची. दुसरा म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या एलडीएल रिसेप्टरने रक्तातलं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहणारे कण, ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) पकडून आत ओढायचं. आत कोलेस्टेरॉल कमी पडलं की एसआरईबीपी-२ नावाचं प्रोटीन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून गॉल्जीत जातं, तिथे त्याचा तुकडा पडतो, तो तुकडा न्यूक्लियसमध्ये जाऊन दोन ऑर्डरी सोडतो: रिडक्टेज जास्त बनवा आणि रिसेप्टर जास्त बनवा. एलडीएल रिसेप्टरचं हे गणित डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी उलगडलं, १९८५ चं नोबेल त्यावरच आहे.

आता या चित्राशेजारी एकच वाक्य लिही: पेशीला आतून कोलेस्टेरॉलची टंचाई झाली की ती रक्तातलं एलडीएल ओढते. चॅप्टरमधली एलडीएल कमी करणारी बहुतेक औषधं ही टंचाई घडवायच्या वेगवेगळ्या युक्त्या आहेत. स्टॅटिन रिडक्टेजला धरून कोलेस्टेरॉल बनवणंच अडवतं. बेम्पेडोइक अ‍ॅसिडही तेच करतं, फक्त त्याच रस्त्यावर थोडं आधी, एटीपी सायट्रेट लायेज या एन्झाइमला धरून. एझेटिमिब आतड्यातून येणारा पुरवठा तोडतं, जेजुनमच्या ब्रश बॉर्डरवरचा एनपीसी१एल१ हा ट्रान्सपोर्टर बंद करून. रेझिन पित्तातलं बाइल अ‍ॅसिड आतड्यात बांधून संडासवाटे बाहेर काढतं, मग लिव्हरला नवीन बाइल अ‍ॅसिड करायला घरचं कोलेस्टेरॉल मोडावं लागतं. चार औषधं, चार जागा, शेवट एकच, रिसेप्टर वाढले. आता 'मेकॅनिझम' या रकान्यात पाठ करण्यासारखं काय उरलं सांग.

स्टॅटिनची गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगतो कारण तिच्यात फार्माकॉलॉजी आहे. जपानमध्ये सांक्यो कंपनीत अकिरा एंडो नावाचे बायोकेमिस्ट होते, त्यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि पेनिसिलियम सिट्रिनममधून कॉम्पॅक्टिन मिळवलं, १९७० च्या दशकातली गोष्ट. टेस्ट ट्यूबमध्ये एन्झाइम झकास अडायचं पण उंदरांना दिलं तर रक्तातलं कोलेस्टेरॉल ढिम्म हलेना. दुसरं कुणी असतं तर फाइल बंद झाली असती. मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिलं तर जवळपास निम्म्यावर आलं! उंदरांत काय झालं होतं तर एन्झाइम अडवल्यावर त्यांच्या लिव्हरने एवढं रिडक्टेज बनवलं की औषध वाहून गेलं. म्हणजे मघाचीच ऑर्डर नंबर एक. पुढे अ‍ॅस्परजिलस टेरियसमधून मिळालेलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि १९९४ च्या फोर-एस ट्रायलने, ४४४४ हार्टचे पेशंट, सिम्व्हास्टॅटिन, एकूण मृत्यूच ३०% कमी होतात हे दाखवल्यावर कोलेस्टेरॉल उतरवून फायदा होतो का हा वाद मिटत गेला.

उंदीर का सांगितला? कारण माणसातही थोडं तेच होतं, आणि त्यातून 'रूल ऑफ सिक्स' कळतो. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी फक्त ६% च्या आसपास उतरतं. का? रिडक्टेज वाढतं हे एक. दुसरं, एसआरईबीपी-२ रिसेप्टरसोबत पीसीएसके-९ सुद्धा वाढवतं. पीसीएसके-९ म्हणजे काय ते असं बघ, एलडीएल रिसेप्टर ही घंटागाडी आहे, एलडीएल उचलायचं, आत रिकामं करायचं आणि पुन्हा फेरीला बाहेर, एक गाडी तिच्या आयुष्यात शंभरहून जास्त फेऱ्या मारते, आणि पीसीएसके-९ तिला चिकटलं की ती परत न येता थेट भंगारात म्हणजे लायसोसोममध्ये जाते. स्टॅटिन एका हाताने गाड्या वाढवतं आणि त्याच्याच परिणामाने भंगारवालाही वाढतो. हे एवढं कळलं की इव्होलोक्युमॅब, अलिरोक्युमॅब हे पीसीएसके-९ ला पकडणारे अँटिबॉडी स्टॅटिनच्या डोक्यावर दिले तर एवढे जोरात का चालतात हे वेगळं पाठ करावं लागत नाही, एलडीएल आणखी साधारण ६०% उतरतं.

आता एक रिपोर्ट घे, ओपीडीत येतो तसा. टोटल कोलेस्टेरॉल २६२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३८, सगळे मिग्रॅ/डेलिमध्ये. एलडीएल काढ. फ्रीडवाल्ड फॉर्म्युला: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड भागिले ५, म्हणजे २६२ − ३८ − ४२ = १८२. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर हा फॉर्म्युला लावायचा नाही, व्हायव्हात विचारतात.) अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० मिग्रॅने साधारण ३८% उतरतं, म्हणजे ११३ च्या आसपास. २० ने १०२. ४० ने ५०% धर, ९१. ८० ने ८२. डोस आठपट केला आणि मिळाले जेमतेम तीस. आता १० वरच थांब आणि एझेटिमिब १० जोड, उरलेल्यातलं साधारण २०% जातं, ११३ चे झाले ९०. म्हणजे अ‍ॅटोर्व्हा १० अधिक एझेटिमिब हे अ‍ॅटोर्व्हा ४० च्या जवळ गेलं. प्रत्यक्षात हार्ट अटॅक येऊन गेलेल्याला मी ४० किंवा ८० च देतो आणि शिवाय एझेटिमिब जोडतो, कारण अशांचं टार्गेट ७० च्या, आपल्याकडचे बरेच तज्ज्ञ तर म्हणतात ५० च्या खाली, आणि स्टॅटिन पूर्ण ताकदीचं असावं हा पुरावा भक्कम आहे. पण हे गणित एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करून बघ, 'हाय इंटेन्सिटी म्हणजे अ‍ॅटोर्व्हा ४०–८० किंवा रोसुव्हा २०–४०' हे वाक्य मग घोकावं लागत नाही.

स्टॅटिन रात्रीच का घ्यायचं, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनतं आणि सिम्व्हा, लोव्हा, फ्लुव्हा या स्टॅटिनांची हाफ-लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) काही तासांची, म्हणून. अ‍ॅटोर्व्हाची १४ तासांच्या आसपास आणि रोसुव्हाची १९, त्यामुळे ही कधीही चालतात. तरी प्रिस्क्रिप्शनवर आम्ही ०-०-१ च, म्हणजे फक्त रात्री, लिहितो, सवय. सिम्व्हा आणि लोव्हा प्रोड्रग आहेत, लॅक्टोन रिंग उघडल्यावर चालतात, एमसीक्यूला येतं, एवढं पुरे.

स्टॅटिनचा स्नायूंना होणारा त्रास मात्र नीट कर. मायाल्जिया (नुसतं दुखणं), मग सीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं मायोसायटिस, मग क्वचित रॅब्डोमायोलिसिस (स्नायू मोडणं), सीके नॉर्मलच्या दहापटीच्या वर आणि किडनीला धोका. इथे प्रश्न असा विचार: स्टॅटिनला काम करायचंय लिव्हरमध्ये, तर ते स्नायूपर्यंत जास्त प्रमाणात पोचतं कधी? लिव्हर त्याला आत ओढू शकली नाही किंवा मोडू शकली नाही की. ओढणारा ट्रान्सपोर्टर ओएटीपी१बी१, मोडणारं एन्झाइम सिम्व्हा-लोव्हा-अ‍ॅटोर्व्हाला सिप ३ए४ (CYP3A4), फ्लुव्हाला सिप २सी९. रोसुव्हा, प्राव्हा, पिटाव्हा सिपवर फारसे अवलंबून नाहीत. आता इंटरॅक्शनची (एकमेकांत ढवळाढवळ करणाऱ्या औषधांची) यादी आपोआप तयार होते: क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, रिटोनाव्हिर हे ३ए४ अडवतात. जेमफायब्रोझिल ओएटीपी१बी१ आणि ग्लुक्युरोनिडेशन (औषध बाहेर काढायची लिव्हरची एक पायरी) दोन्ही अडवतं, सेरिव्हास्टॅटिनसोबत त्याने एवढे रॅब्डो झाले की २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन बाजारातून गेलं. म्हणूनच स्टॅटिनसोबत फायब्रेट द्यायचंच झालं तर फेनोफायब्रेट, जेमफायब्रोझिल नाही.

हे कागदी ज्ञान नाहीये. अ‍ॅटोर्व्हा ४० वरचे काका छातीत कफ झाला म्हणून दुसरीकडे दाखवतात, तिथून क्लॅरिथ्रोमायसिन घेऊन येतात आणि हौसेने दोन्ही चिठ्ठ्या आपल्यासमोर ठेवतात. अशा वेळी अ‍ॅझिथ्रो चालत असेल तर ते, नसेल तर कोर्स होईपर्यंत स्टॅटिन थांबवायचं, पाच-सात दिवसांनी काही बिघडत नाही. फक्त पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख चिठ्ठीवर मराठीत लिहायची, नाहीतर ती थांबवलेली गोळी कायमची थांबते.

आणि पाय दुखतात म्हणणारे सगळे खरे मायोपॅथीचे (स्नायूंच्या आजाराचे) नसतात. ब्रिटनमधली सॅमसन ट्रायल बघ, २०२० ची. आधी त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना काही महिने अ‍ॅटोर्व्हा २०, काही महिने तशीच दिसणारी रिकामी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं, तर स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदवला त्याच्या ९०% त्रास रिकाम्या गोळीवरही होता. याला नोसीबो म्हणतात. म्हणून पेशंट खोटं बोलतो असं नाही हं, दुखणं खरंच असतं. सीके, थायरॉइड, व्हिटॅमिन डी बघ, थोडं थांबव, कमी डोसने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू कर. हायपोथायरॉइड तर विसरूच नको, ते कोलेस्टेरॉलही वाढवतं आणि स्टॅटिनची मायोपॅथीही. रोसुव्हाचं रक्तातलं प्रमाण आशियाई लोकांत जास्त जातं, अमेरिकन लेबलवर भारतीयांचंही नाव घेऊन ५ मिग्रॅपासून सुरू करा असं लिहिलेलं असायचं.

लिव्हर एन्झाइम सुरुवातीला एकदा बघायचे, त्यातलं एएलटी सतत नॉर्मलच्या तिप्पटच्या वर राहिलं तर विचार करायचा, दर तीन महिन्यांनी उगाच एलएफटी (लिव्हरच्या तपासण्या) करत बसायची गरज नाही. शुगर किंचित वाढते, डायबिटीस काठावर असलेल्यांत निदान थोडं लवकर होतं, पण त्यासाठी स्टॅटिन नाकारायचं नसतं. प्रेग्नन्सीत साधारणपणे बंद.

रेझिन, म्हणजे कोलेस्टिरामिन मंडळी. लिहायला कमी, विचारायला भरपूर. ट्रायग्लिसराइड वाढतात, कारण बाइल अ‍ॅसिड परत न आल्यामुळे लिव्हर ७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज हे ती बनवणारं एन्झाइम वाढवते आणि त्याच झटक्यात व्हीएलडीएलही (ट्रायग्लिसराइड वाहणारे कण) जास्त बनवते. म्हणून ट्रायग्लिसराइड आधीच जास्त असतील तर रेझिन नको. बाकी ते आतड्यातच राहतं, त्यामुळे गॅस, कॉन्स्टिपेशन, आणि वॉरफरिन, डिजॉक्सिन, थायरॉक्सिन यांनाही धरून ठेवतं, ती १ तास आधी किंवा ४ तास नंतर द्यायची. ओपीडीत कोलेस्टेरॉलपेक्षा कोलेस्टॅसिसच्या (पित्त तुंबल्याच्या) खाजेसाठी ते जास्त दिसेल.

आता स्वतःची परीक्षा घे. होमोझायगस फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे आईवडील दोघांकडून बिघडलेला जीन आलेला, रिसेप्टर जवळजवळ नाहीतच, लहान मुलाच्या टाचेमागच्या टेंडनवर झँथोमा (कोलेस्टेरॉलची गाठ), एलडीएल ५०० च्या वर. कुठलं औषध चालेल? स्टॅटिन, रेझिन, एझेटिमिब, पीसीएसके-९ अँटिबॉडी सगळे रिसेप्टरच्या भरवशावर, म्हणजे इथे लंगडे. मग रिसेप्टरला वळसा घालणारं काहीतरी हवं: लोमिटापाइड, जे एमटीपी हे प्रोटीन अडवून व्हीएलडीएल बनूच देत नाही, किंवा एव्हिनाक्युमॅब, जे एएनजीपीटीएल-३ या प्रोटीनविरुद्ध आहे, किंवा सरळ मशिनने एलडीएल गाळून काढणं, अ‍ॅफेरेसिस. हे उत्तर तुला पुस्तक न उघडता आलं तर चॅप्टरचा एलडीएलचा भाग झाला समज.

ट्रायग्लिसराइडसाठी दुसरा कागद घे, पहिल्यावर कोंबू नको, खिचडी तिथेच होते. इथे नायक एलडीएल रिसेप्टर नाही, लायपोप्रोटीन लायपेज आहे, केशवाहिनीच्या भिंतीवरचं ट्रायग्लिसराइड मोडणारं एन्झाइम. फायब्रेट पीपीएआर-अल्फा या पेशीतल्या रिसेप्टरला चालू करतं, लायपेज वाढतं, त्याला अडवणारं अ‍ॅपो-सी३ कमी होतं, व्हीएलडीएल भराभर मोडतं, ट्रायग्लिसराइड ३० ते ५०% उतरतात. मोडलेल्या व्हीएलडीएलचं पुढे एलडीएल होतं, म्हणून कधीकधी एलडीएल वाढलेलं दिसतं, घाबरायचं नाही. बाइलमध्ये कोलेस्टेरॉल जास्त आणि बाइल अ‍ॅसिड कमी, म्हणून गॉलस्टोन (पित्ताचे खडे). फेनोफायब्रेटने क्रिएटिनिन थोडं चढतं.

पण द्यायचं कधी? इथे मुलं आणि काही डॉक्टरही घसरतात. रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड २१० दिसले की फायब्रेट जोडायचं नाही. स्टॅटिन घेणाऱ्या डायबेटिकांत फेनोफायब्रेट जोडून २०१० च्या अ‍ॅकॉर्ड लिपिड ट्रायलमध्ये एकूण फायदा दिसला नाही, २०२२ च्या प्रॉमिनेंटमध्ये पेमाफायब्रेटने आकडे उतरले, अटॅक नाही उतरले. ५०० च्या वर गेले, त्यातही हजाराकडे, की पॅन्क्रियाटायटिसची (स्वादुपिंडाच्या सुजेची) भीती, तिथे फायब्रेट. त्याआधी दारू, शुगर, थायरॉइड बघायचं. आपल्याकडचं एक नाव वेगळं माहीत असू दे, सारोग्लिटाझार, अहमदाबादच्या झायडसने शोधलेलं, २०१३ मध्ये भारतात मंजूर, अल्फा आणि गॅमा दोन्ही पीपीएआर, ४ मिग्रॅ, डायबेटिक डिसलिपिडेमियासाठी, पुढे फॅटी लिव्हरच्या आजारासाठीही. विदेशी पुस्तकांत ते फारसं नसतं आणि एक्झामिनरला ते आवडतं.

नायासिन: वापरातल्या औषधांत एचडीएल सगळ्यात जास्त वाढवतं, फ्लशिंग प्रोस्टाग्लँडिन डी२ मुळे म्हणून आधी अ‍ॅस्पिरिन, युरिक अ‍ॅसिड आणि शुगर वाढते, आणि स्टॅटिनवर जोडून एम-हाय, एचपीएस२-थ्राइव्ह या दोन्ही ट्रायलमध्ये फायदा नाही. संपलं. एचडीएलचा आकडा वाढवणं म्हणजे हृदय वाचवणं नव्हे हे त्यातून कळतं, टॉर्सेट्रॅपिब या औषधाचंही तेच, एचडीएल भरपूर वाढलं आणि मृत्यूही वाढले म्हणून २००६ मध्ये ट्रायल थांबवावी लागली.

नवीन औषधं किती? तीन नीट कर. पीसीएसके-९ अँटिबॉडी वर आलेच. इन्क्लिसिरॅन हे एसआय-आरएनए (siRNA, आरएनएचा छोटा तुकडा), हेपॅटोसाइटच्या आत पीसीएसके-९ चा मेसेंजर आरएनए मोडतं, इंजेक्शन आज, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. आणि बेम्पेडोइक अ‍ॅसिड, हे प्रोड्रग आहे आणि त्याला सक्रिय करणारं एन्झाइम लिव्हरमध्ये आहे, स्नायूत नाही, म्हणून स्नायूंचा त्रास कमी, युरिक अ‍ॅसिड मात्र वाढतं, टेंडन फाटण्याची सूचनाही आहे. २०२३ च्या क्लिअर आउटकम्स ट्रायलमध्ये स्टॅटिन न झेपणाऱ्यांत फायदा दिसला.

निमॉनिक्स हवे तर इंटरॅक्शनच्या यादीला कर, मेकॅनिझमला नको. पेपरात स्टॅटिनवर शॉर्ट नोट आली तर पहिल्या पाच ओळींच्या जागी ती पेशी काढ, बाणांसकट, रिडक्टेज, एसआरईबीपी-२, रिसेप्टर, पीसीएसके-९, आणि प्रत्येक औषध कुठे बसतं तिथे नाव लिही. पेपर तपासणारा शंभर पेपरांत तेच गोल गोल अक्षर बघून कंटाळलेला असतो, चित्र दिसलं की थांबतो. मग त्याच पेशीवरून तक्ता कर, पुस्तक न बघता, आणि जिथे अडशील तेवढंच उघडून वाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदावर.

डोस फक्त अ‍ॅटोर्व्हा १० ते ८०, रोसुव्हा ५ ते ४०, एझेटिमिब १०. फेनोफायब्रेट १४५ की १६० यावरून अजून कुणाला नापास केलेलं मी ऐकलेलं नाही.